कड्यावरची आमरी आणि नेमक्या शब्दाची किंमत

2010 साली चीनच्या सरकारी औषधकोशाची नवी आवृत्ती निघाली आणि एका फार जुन्या वनस्पतीला त्यात पहिल्यांदाच स्वतःची नोंद मिळाली. तोवर ती भावंडांच्या गर्दीत उभी होती. ‘शिहू’ या एकाच नावाखाली आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या, कितीतरी जाती बाजारात खपत होत्या. नव्या आवृत्तीने त्यांतली ‘त्ये-पी शिहू’, लोखंडी सालीची शिहू, बाजूला काढली आणि तिच्यापुढे दोन आकडे लिहिले. वाळलेल्या खोडात बहुशर्करा, म्हणजे पॉलिसॅकराइड, 25 टक्क्यांहून कमी असता कामा नये आणि मॅनोज ही साखर 13 ते 38 टक्क्यांच्या दरम्यान असली पाहिजे. जिची दोन हजार वर्षे नुसती स्तुती झाली, तिला आता आकड्यांत उत्तर द्यावे लागणार होते.

या वनस्पतीचा इतिहास उलगडून पाहिला की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. तिच्याविषयी कुणी नेमके बोलले, नेमके मोजले, तिला नेमके ओळखले, तेव्हा तेव्हा तिचे आणि माणसाचेही भले झाले. शब्द सैल सुटला, तेव्हा कडे उजाड झाले आणि गिऱ्हाईक फसले. आज तिच्या बाटल्यांवर, पुड्यांवर आणि जाहिरातींत एक सैल शब्द सर्रास दिसतो: ‘रोगप्रतिकारशक्ती वाढवते’. तो आपल्याकडच्या बाटल्यांवरही तितकाच दिसतो. म्हणून ही दूरची गोष्ट मराठी वाचकाने जवळून पाहावी, असे मला वाटते.

आधी वनस्पतीची ओळख करून घेऊ. तिचे शास्त्रीय नाव डेंड्रोबियम ऑफिसिनाले. डेंड्रोबियम हे प्रजातीचे नाव 1799 साली स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ ओलोफ स्वार्ट्झ यांनी रूढ केले. ग्रीक भाषेतून आलेल्या या नावाचा अर्थ ‘झाडावर जगणारी’. आपल्या सह्याद्रीतही या प्रजातीतल्या जाती आहेत. गावात त्यांना सरसकट बांडगूळ म्हणतात, पण तो त्यांच्यावर अन्याय आहे. बांडगूळ झाडाचा रस शोषते. आमरी झाडाच्या सालीवर किंवा दगडावर फक्त बसते आणि पावसाच्या, धुक्याच्या पाण्यावर, कुजलेल्या पानांच्या चिमूटभर मातीवर दिवस काढते.

चीनची ही आमरी मुख्यतः कड्यांच्या सावलीतल्या ओल्या भेगांत वाढते. पाय शेवाळात आणि अंग वाऱ्यावर. माती जवळजवळ नाहीच, तेव्हा पाऊस थांबला की जगायचे कशावर? त्याची तरतूद ती खोडात करते. पेन्सिलीहून बारीक, कांड्याकांड्यांच्या त्या खोडात चिकट, पाणी धरून ठेवणारा साठा असतो. पाने गळून गेली तरी त्या साठ्यावर खोड तग धरते. ज्या बहुशर्करेसाठी आज कारखाने उभे आहेत, ती तिची स्वतःच्या दुष्काळासाठी राखलेली शिदोरी आहे.

ताजे कांडे चावले की आधी पाणचट, किंचित गवताळ गोडवा जिभेवर येतो. मग दातांमध्ये चिकटपणा वाढत जातो आणि तोंडात जवळजवळ चोथा उरत नाही. जाणकार गिऱ्हाईक हीच परीक्षा घेते: चोथा कमी, चिकटपणा जास्त. आपल्याला हा अनुभव अनोळखी नाही. बाळंतिणीसाठी भिजवलेले अळीव ज्याने बोटांत धरून पाहिले आहेत, त्याला तो बुळबुळीतपणा ठाऊक आहे. लाडवात घालायचा डिंक हीसुद्धा बहुशर्कराच. चिकट ते बळ देणारे, ही समजूत आपल्या आणि चिनी स्वयंपाकघरांत सारखीच मुरलेली आहे.

ती खोडे टिकवण्याची जुनी रीत मात्र खास त्यांची. कांडी बोटाएवढी तोडतात, कढईत मंद आचेवर मऊ करतात, वरचे पातळ आवरण चोळून काढतात आणि गरम असतानाच हाताने पिळून तिचे स्प्रिंगसारखे वेटोळे करतात. ते सैल पडू नये म्हणून बांधतात, पुन्हा शेकतात, पुन्हा घट्ट पिळतात. शेवटी पिवळसर हिरवी, दगडासारखी कडक गोळी तयार होते. तिला ‘फंग-दोउ’ म्हणतात. उकळत्या पाण्यात टाकली की ती हळूहळू उलगडते आणि पाण्याला दाटपणा येतो. ज्या मालाचे मूळ आणि शेंडा दोन्ही शाबूत, त्याला ‘ड्रॅगनचे डोके, फिनिक्सची शेपटी’ म्हणत जास्त भाव देतात. मात्र एकदा पिळून गोळी झाली की मूळ खोड कोणत्या जातीचे होते, हे सामान्य माणसाला सांगता येत नाही. भेसळीला वाट नेमकी इथेच फुटली.

आता इतिहासात मागे जाऊ. पौराणिक सम्राट शेन्नोंग याच्या नावाने चालत आलेला वनौषधिग्रंथ हान काळाच्या सुमारास संकलित झाला. त्यात शिहूला वरच्या श्रेणीत जागा आहे. दीर्घकाळ घेतली तरी चालते आणि शरीर धष्टपुष्ट ठेवते, अशा औषधांची ही श्रेणी. सोळाव्या शतकात ली शी-जेन यांनी आपला प्रचंड निघंटू 1578 साली पुरा केला. तो 1596 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, छापला गेला. त्यातही शिहू आहे. अठराव्या शतकात जाओ श्वे-मिन यांनी त्या निघंटूला पुरवणी जोडली आणि आन्हुई प्रांतातल्या हुओशान डोंगरांमधली शिहू वेगळी नोंदवली. शिहूत शिहू वेगळी असते, हे या माणसाने ओळखले होते.

या साऱ्या ग्रंथांत पोट आहे, कोरडा घसा आहे, तापानंतरची क्षीणता आहे, चिनी वैद्यकातले ‘यिन’ आहे. ‘प्रतिकारशक्ती’ कुठेच नाही, आणि ती असणार तरी कशी? रोगजंतू, प्रतिपिंडे, भक्षकपेशी ही भाषा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जन्मली. जुना वैद्य अशक्त माणूस पाहत होता आणि त्याला बरे वाटावे म्हणून झटत होता. त्याच्या तोंडी आजचा शब्द घालणे हा त्याचा गौरव होत नाही. त्याने काय पाहिले होते, ते त्यामुळे उलट झाकले जाते.

स्तुती वाढली तशी मागणी वाढली. झेजियांग प्रांतातल्या यान्दांग डोंगरात वनौषधी गोळा करणारे लोक दोराला लटकून उभ्या कड्यांवरून उतरत. आज तिथे पर्यटकांसमोर दोन सुळक्यांमधून दोरावरून जाण्याचे खेळ होतात. त्या कसबाचे मूळ याच धंद्यात आहे. ते पाहून टाळ्या वाजवणाऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे की पोटासाठी लटकणाऱ्या माणसाच्या हाती एकेक रोपच लागत होते, आणि प्रत्येक उपटलेल्या रोपाबरोबर पुढच्या वर्षांचे बीही जात होते. ही वनस्पती सावकाश वाढते. तिची तोड भराभर होत राहिली. 1987 साली चीनने जंगली औषधी वनस्पतींच्या संरक्षणाचे नियम केले, तेव्हा शिहूच्या जाती त्या यादीत घ्याव्या लागल्या. 2004 मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने डेंड्रोबियम ऑफिसिनालेला अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदवले. 2021 च्या सुधारित राष्ट्रीय यादीत तर डेंड्रोबियमची सबंध प्रजाती संरक्षणाखाली आली आणि हुओशानच्या जातीला सर्वांत कडक, पहिला दर्जा मिळाला.

मग ही वनस्पती वाचली कशी? कायद्याचा हात होताच, पण खरी कळ बियांत होती. आमरीचे बी धुळीसारखे असते. एका बोंडात हजारो बिया असतात, मात्र त्यांत अन्नाचा साठा जवळजवळ नसतो. गव्हाच्या दाण्यात कोंबासाठी पीठ असते, तसे इथे काहीच नाही. निसर्गात हे बी योग्य बुरशी भेटेपर्यंत थांबते आणि त्या बुरशीकडून अन्न घेऊन रुजते. हे गुपित 1899 साली नोएल बर्नार या तरुण फ्रेंच शास्त्रज्ञाने उघड केले. पुढे अमेरिकेत लुईस नडसन यांनी 1922 मध्ये दाखवले की काचेच्या नळीत अगर आणि साखर दिली तर बुरशीवाचूनही बी रुजते. बर्नार छत्तिसाव्या वर्षी वारले. आपल्या शोधातून अर्ध्या जगापलीकडच्या एका कड्यावरची वनस्पती वाचेल, याची त्यांना कल्पना असण्याचे कारण नव्हते.

चीनमध्ये गेल्या शतकाच्या अखेरीस हे तंत्र शिहूच्या शेतीला लागले. आज झेजियांग, युन्नान आणि इतर प्रांतांत सावलीच्या जाळीखाली, पाइनच्या सालीच्या तुकड्यांनी भरलेल्या वाफ्यांत ही रोपे ओळीने उभी असतात. काही शेतकरी ती पुन्हा झाडांच्या बुंध्यांवर बांधतात. कड्यावरचे दुर्मीळ धन शेतातले पीक झाले. एक जुना भ्रम अजून जात नाही: जंगलातले ते खरे, शेतातले दुय्यम. हा भ्रम जोवर गिऱ्हाइकाच्या मनात आहे, तोवर उरल्यासुरल्या कड्यांना धोका आहे.

नावाचाही असाच घोळ होता. 1936 साली किमुरा आणि मिगो या जपानी शास्त्रज्ञांनी या जातीचे वर्णन करून तिला ‘ऑफिसिनाले’ हे नाव दिले. आज तिला 1830 मधले जुने नाव, डेंड्रोबियम कॅटेनाटम, लावावे की नाही यावर वनस्पतिशास्त्रज्ञांत वाद आहे. हा वाद रुक्ष वाटतो, पण औषधाच्या बाबतीत नावच सगळे ठरवते. नोबिले या तिच्या बहिणीत डेंड्रोबाइन नावाचा अल्कलॉइड असतो. के. के. चेन यांनी 1935 मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. अल्कलॉइड प्राण्याच्या शरीरावर जोरकस परिणाम करतो, त्यामुळे कोणती बहीण हातात आहे हा प्रश्न जिवाशी येतो. चिकट बहीण आणि कडू बहीण एकाच पुडीत विकणे म्हणजे साखर आणि कुनैन एकाच बरणीत भरण्यासारखे आहे.

आता त्या चिकट पदार्थाकडे येऊ. 2004 साली चिनी रसायनशास्त्रज्ञांनी खोडातल्या एका बहुशर्करेची रचना मांडली. मॅनोज आणि ग्लुकोज या दोन साखरांची लांब माळ, मण्यांमध्ये मॅनोज अधिक, आणि काही मण्यांना अॅसिटिल गट चिकटलेले. तिला ग्लुकोमॅनन म्हणतात. 2015 आणि 2016 मध्ये या वनस्पतीचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा ही माळ ओवणाऱ्या जनुकांच्या घराण्याचा विस्तारही दिसला. प्रयोगशाळेत ती काढण्याची रीत सोपी आहे. खोड दळायचे, गरम पाण्यात उकळायचे, गाळ काढून द्रावण आटवायचे आणि त्यात अल्कोहोल घालायचे. पांढरे धागे खाली बसतात, तीच बहुशर्करा. ती किती आहे हे फिनॉल आणि सल्फ्युरिक आम्लाच्या 1956 मधल्या पद्धतीने, रंग पाहून मोजतात. या पद्धतीचा दोष असा की तिला साखर ती साखर, मग ती पिठाची का असेना. म्हणूनच औषधकोशाने दुसरा आकडा घातला. पिठात मॅनोज नसते, त्यामुळे पीठ मिसळणारा मॅनोजच्या मोजणीत पकडला जातो. पहिला आकडा साठा सांगतो, दुसरा जात सांगतो. दोन्ही लागतात, हे त्या औषधकोशाचे शहाणपण.

आणि प्रतिकारशक्ती? इथे कल्पना पोकळ नाही, हे आधी मान्य करतो. जपानमध्ये गोरो चिहारा यांनी 1969 साली शिताके अळिंबीतून लेंटिनन ही बहुशर्करा काढून तिचा उंदरांच्या गाठींवरचा परिणाम दाखवला. दुसऱ्या एका अळिंबीतले क्रेस्टिन हे औषध तिथे 1977 मध्ये मंजूर झाले. कर्करोगाच्या इतर उपचारांबरोबर ही दोन्ही वापरली गेली. बुरशीच्या भिंतीतली बीटा-ग्लुकॅन ओळखणारा डेक्टिन-1 हा ग्राहक आपल्या भक्षकपेशींवर असतो, हे 2001 मध्ये स्पष्ट झाले. त्यामागे तर्क आहे. बुरशी आपला शत्रू होऊ शकते, म्हणून तिच्या भिंतीचा तुकडा दिसला की पेशी सावध होतात.

पण आमरीची माळ निराळी आहे. तिचे मणी निराळे आणि सांधेही निराळे. अळिंबीचे यश आमरीच्या खाती जमा करता येत नाही. आमरीच्या बहुशर्करेवर शेकडो प्रयोग झाले आहेत, त्यांतले बहुतेक काचेच्या ताटलीतल्या पेशींवर किंवा उंदरांवर. ताटलीतल्या प्रयोगात एक जुना खड्डा आहे. जीवाणूंच्या भिंतीतला लिपोपॉलिसॅकराइड अत्यंत सूक्ष्म प्रमाणात मिसळला तरी भक्षकपेशी खडबडून जाग्या होतात. मग श्रेय आमरीला द्यायचे की अशुद्धीला? काटेकोर संशोधक ही अशुद्धी आधी तपासतो. शिवाय ताटलीतल्या पेशीवर माळ थेट पडते. आपण ती गिळतो. ती तोडणारे विकर माणसाच्या पोटात नाही. ती मोठ्या आतड्यापर्यंत जाते आणि तिथले जीवाणू ती आंबवतात. त्यातून बनणारी आम्ले आतड्याला उपयोगी असू शकतात, आणि जुन्या वैद्याने पोटाचा उल्लेख केला होता, तो इथे अर्थपूर्ण वाटतो. पण ही सगळी शक्यतेची भाषा झाली. माणसांवरचे, नीट आखलेले, पुरेशा संख्येचे अभ्यास या शक्यतेच्या मानाने फार थोडे आहेत.

त्याहून मूळ प्रश्न ‘वाढवते’ या क्रियापदाचा आहे. प्रतिकारशक्ती ही पाण्याची टाकी नव्हे, की भरली तितके चांगले. संधिवाताच्या कित्येक रुग्णांत, दम्यात, अ‍ॅलर्जीत हीच शक्ती नको तिथे, नको तेवढी काम करते. 2020 च्या जूनमध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने जगाला सांगितले की श्वसनयंत्रावरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोनमुळे सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. ते स्टेरॉइड प्रतिकारशक्तीला लगाम घालते. त्या वर्षी घराघरांत लोक ती ‘वाढवायला’ धडपडत होते आणि रुग्णालयात सर्वांत आजारी माणसाचा जीव ती आवरून वाचत होता. हा धडा आपण पुरता शिकलो नाही.

त्याच वर्षी आयुष मंत्रालयाने रोज सकाळी 10 ग्रॅम च्यवनप्राश घेण्याचा सल्ला दिला. इथे ही चिनी कथा आपल्या दारात येते, कारण च्यवनप्राशाच्या पाठात आमरी आहे. अष्टवर्गातल्या आठ वनस्पतींपैकी जीवक, ऋषभक, ऋद्धी आणि वृद्धी या चार हिमालयातल्या आमरी मानल्या जातात. त्यांतल्या काही चरकाच्या च्यवनप्राशात येतात. सोळाव्या शतकात भावमिश्रांनी ‘भावप्रकाश’ लिहिला तेव्हाच या वनस्पती मिळेनाशा झाल्या होत्या. राजांनाही अष्टवर्ग दुर्मीळ आहे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले आणि पर्याय दिले: जीवक-ऋषभकाच्या जागी विदारी, ऋद्धी-वृद्धीच्या जागी वाराही, मेदा-महामेदाच्या जागी शतावरी, काकोली-क्षीरकाकोलीच्या जागी अश्वगंधा. चार शतकांहून अधिक काळापूर्वीच्या वैद्याने मालाची टंचाई लपवली नाही. जे नाही ते नाही म्हटले आणि जे दिले त्याचे नाव सांगितले.

हा प्रामाणिकपणा सुटला की काय होते, याचेही उदाहरण ताजे आहे. 2021 मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या 6 रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. मंत्रालयाचा आक्षेप असा की रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती, हे तपासलेलेच नाही. दोन्ही बाजूंचे म्हणणे वाचले की हाती एकच प्रश्न उरतो: पुडीत नक्की काय होते? तो प्रश्न रुग्णाच्या यकृताने विचारण्याआधी विक्रेत्याने विचारायला हवा होता.

चीनने 2023 मध्ये आरोग्य-अन्नाच्या दाव्यांची यादी सुधारली. ‘प्रतिकारशक्ती वाढवते’च्या जागी ‘वाढवण्यास मदत करते’ असा शब्द आला. त्याच वर्षी त्ये-पी शिहू अन्न आणि औषध या दोन्हींच्या अधिकृत यादीत दाखल झाली. शब्द एका पायरीने खाली आला, हे चांगलेच. अजून एक पायरी उरली आहे, ती म्हणजे माणसांवरचा पुरावा. ज्या देशाने धुळीएवढे बी काचेच्या नळीत रुजवले, कड्यावरचे पीक शेतात आणले, बहुशर्करेला आकडा दिला, त्याला हे अशक्य नाही. आपल्यालाही नाही. पुण्या-मुंबईत आयुर्वेदाची महाविद्यालये आहेत, आधुनिक वैद्यकाची रुग्णालये आहेत, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळा आहेत. त्यांनी एकत्र बसायचे तेवढे बाकी आहे.

तोपर्यंत आपण गिऱ्हाईक म्हणून निदान चार गोष्टी मागू शकतो: वनस्पतीचे नाव, ती शेतातली की जंगलातली, तिच्यातल्या घटकाचे मोजमाप, आणि ती कुणावर तपासली. चौथ्या प्रश्नाचे उत्तर ‘अजून माणसांवर सिद्ध झालेले नाही’ असे असेल, तर ते तसेच बाटलीवर छापावे. त्याने विक्री कदाचित घटेल, पण घेणाऱ्याला आपण काय घेतो आहोत हे कळेल. भावमिश्रांनी आपल्या वाचकाला एवढा मान दिला होता. आजच्या गिऱ्हाइकाला तो नाकारायचे काही कारण नाही.